दोन फूट जागा

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या दुकानाला लागून आमचं ऑफिस.
एक टेबल, एक काटा, दोरीनं बांधलेलं पेन.
कॉम्प्युटर आहे, पण बिल्ट्या मी अजून हातानं लिहितो,
लाइट गेली तर माल अंधारात कुणाचा म्हणायचा?

पूर्ण गाडी भरणारे इथं येत नाहीत.
त्यांच्या फौंड्रीच्या दारातच ट्रक लागतो शिरोलीत.
इथं येतात ते चार नगवाले, दीड क्विंटलवाले,
‘बसंल की कुठंतरी कोपऱ्यात’ म्हणणारे.

बत्तीस वर्षं मी कोपरेच विकतोय.

आज अहमदाबादची गाडी.
तळाला पंपाच्या बॉड्या, तेलानं चिकट.
त्यावर इचलकरंजीचे तागे, गोणपाटात शिवलेले,
गुळाचे रवे, ताडपत्रीच्या उन्हापासून लांब,
आणि सगळ्यांच्या डोक्यावर जयसिंगपूरचे पापड.

पापडाचं भाडं वजनावर लागत नाही.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची.
ताई, हलकं असलं तरी जागा खातंय ना, असं मी म्हणतो,
आणि त्या बायका माझ्याकडं बघतात
जणू खोक्यात हवा मीच भरली.

गुंडू सनदी आत उभा राहून रचतो.
त्याला वाचता येत नाही, गाडी मात्र अख्खी पाठ:
लांबचं आत, जवळचं दाराशी,
जड खाली, आणि गुळाशेजारी फिनेल कधीच नाही.
पावणेदहाला तो खाली उडी मारतो.
‘दोन फूट उरलीत, मालक.’
मालक मी नाही. तो म्हणतो, मी ऐकून घेतो.

मकबूलनं इंजिन चालू केलंय.
उजाडायच्या आत पुणं मागं टाकायचंय त्याला.
मी म्हणतो, चहा घे.
तो म्हणतो, दोन झाले.
तिसरा घे.

हेरवाडेबाईंचा फोन आला होता सातला.
वापीची ऑर्डर, एकोणपन्नास किलो, एकच पेटी.
‘थांबवाल का?’ एवढंच विचारलं.
हेरवाड्यांच्या लेथवर पत्रा ओढून
पुढच्या महिन्यात वर्ष होईल.
मला वाटलेलं, विकलं असणार मशीन.

दहा वाजून दहा मिनिटांनी एक्सेल आली.
पायांच्या मध्ये पेटी, हँडलला पिशवी,
हाताला काळं ग्रीस, कोपरापर्यंत.
‘शेवटचे चार बुश पुन्हा कापले,’ त्या म्हणाल्या,
‘दोन सूत जास्त भरत होते.’
गुंडूनं काही न बोलता पेटी उचलली.
काट्यावर: पन्नास किलो तीनशे.
मी एकोणपन्नास लिहिलं.

पाठवणाऱ्याचं नाव?
पेटीवर जुना स्टेन्सिल होता,
‘हेरवाडे अँड सन्स’.
मुलगा नाही त्यांना. एक मुलगी, दहावीला.
सासऱ्यांनी रंगवलेली पाटी, कुणी बदलली नाही.
त्या जरा वेळ पेटीकडं बघत राहिल्या,
मग दोरीचं पेन ओढून
बिल्टीवर स्वतःच लिहिलं: सुनंदा हेरवाडे.
पेटीवरचं तसंच ठेवलं.
मालाची किंमत या रकान्यात बिलाचा आकडा टाकला
आणि दोनदा तपासला.

पेटी बसली, पण घट्ट नाही.
चार बोटांची फट राहिली, गुंडूनं तिथं
आपली गोणी घडी करून ठोसली,
जी तो रोज डोक्यावर घेतो.
‘उद्या काय घेशील?’ मी विचारलं.
‘बघू उद्या.’

फळका लागला. दोर आवळला.
पापड, पंप, गूळ, कापड, चार बुश पुन्हा कापलेली पेटी,
एकमेकांना न ओळखणारी मंडळी
एका ताडपत्रीखाली हायवेला लागली.

पाचव्या दिवशी वापीचा फोन:
एक कोपरा चेपलाय, आतला माल ठीक.
बाईंना कळवलं.
मागं लेथचा आवाज होता, त्यातून त्या ओरडल्या,
‘चालतंय की! पुढची गाडी कधी?’